आर्थर रसेलचं जवळचं गाणं

आर्थर रसेल (२१ मे १९५१ – ४ एप्रिल १९९२) हा अमेरिकन चेलोवादक (चेलो म्हणजे व्हायोलिनसारखं पण मोठं, बसून वाजवायचं वाद्य), गीतकार, डिस्को रेकॉर्ड करणारा आणि गे माणूस. त्याने बरंच काय काय केलं, पण ही नोंद फक्त त्याच्या चेलो आणि आवाज एवढ्यावरच उभ्या असलेल्या गाण्यांबद्दल आहे, ज्यांना इथे जवळची गाणी म्हटलंय. जवळची म्हणजे अगदी कानाशी म्हटलेली, समोर कुणी बसलंय हे गाणाऱ्याने धरलेलंच नाही अशी. आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट म्हणजे जात्यावरची ओवी, पहाटे दळताना बाई स्वतःशीच म्हणायची, कुणी ऐकलं तर ऐकलं. आमच्या नाशिकमध्ये गाण्याची सवय वेगळी आहे, पंचवटीत विष्णु दिगंबर पलुस्करांचा आश्रम होता, त्यांचा मुलगा द. वि. पलुस्कर १९२१ मध्ये नाशिकचाच जन्मलेला, म्हणजे भजन, बैठक, समोर माणसं. त्या कानांना रसेल पहिल्यांदा ऐकताना गाणं अजून सुरूच झालं नाही असं वाटतं. मलाही वाटलं होतं.

रसेल आयोवा राज्यातल्या ऑस्कलूसा या छोट्या गावचा. तिथून कॅलिफोर्नियात गेला, बौद्ध मंडळींच्या कम्युनमध्ये, म्हणजे एकत्र राहणाऱ्या गटात, राहिला आणि उस्ताद अली अकबर खाँसाहेबांच्या कॉलेजमध्ये हिंदुस्थानी संगीत शिकला. १९७३ मध्ये न्यूयॉर्कला आला, द किचन या प्रायोगिक जागेचा संगीताचा कारभार थोडा काळ बघितला आणि मग डिस्कोच्या प्रेमात पडला. तेव्हाचे डिस्को क्लब म्हणजे गे लोकांना रात्रभर मोकळं नाचता येईल अशा शहरातल्या मोजक्या जागा होत्या. नाचाच्या रेकॉर्ड त्याने डायनोसॉर एल, लूज जॉइंट्स, इंडियन ओशन अशा टोपणनावांनी काढल्या (दिल्लीच्या इंडियन ओशन बँडशी याचा संबंध नाही).

जवळच्या गाण्यांचा मुख्य अल्बम ‘वर्ल्ड ऑफ एको’, १९८६ चा. ड्रम जवळजवळ नाहीत, चेलो कधी घासलेला कधी बोटांनी छेडलेला, त्यावर एको (प्रतिध्वनी) आणि डिस्टॉर्शन (मुद्दाम खरखरीत केलेला आवाज), आणि आवाज असा की शब्द अर्धे तोंडातच राहतात. सूर एका जागी फिरत राहतो, तिथून पुढे जायची घाई नाही, हे ऐकताना मला आलापाची आठवण येते, अर्थात हे माझं ऐकणं, त्याने तसं ठरवून केलं असा दावा नाही. गाणं संपवणं त्याला जमायचं नाही किंवा नको असायचं. एकाच गाण्याचे पुन्हा पुन्हा मिक्स (आवाजांची नव्याने जुळवणी) करायचा, कॅसेट वॉकमनमध्ये घालून स्टेटन आयलंडच्या फेरीबोटीवर ऐकत बसायचा आणि घरी येऊन परत बदलायचा. म्हणून ही गाणी स्पीकरवर नीट कळत नाहीत, संध्याकाळी नाशिकच्या सोमेश्वरकडे नदीच्या कडेने इअरफोन लावून चालताना मात्र तोच आवाज एकदम खरा वाटायला लागतो.

आता यातलं क्वीअर, म्हणजे गे असण्याशी जोडलेलं, नेमकं कुठे आहे. गाण्यात तो जाहीर काही सांगत नाही, बरेचदा नुसतं मी आणि तू असतं, आणि इंग्रजीत मी-तूला लिंग नसतं त्यामुळे ऐकणाऱ्याने काहीही समजावं. मराठीत आणायला बसलं की हे लपत नाही. ‘तू येशील’ पर्यंत चालतं, पण तो येऊन गेला की ‘आलास’ लिहायचं की ‘आलीस’ हे ठरवावंच लागतं, आणि वाट बघणारा ‘होतो’ की ‘होते’ हेसुद्धा. आपल्या वहीत एका ओळीत ‘बघत होतो’ आणि ‘आलास’ शेजारी शेजारी आले की गाणं कुणाचं आणि कुणासाठी हे स्वच्छ दिसतं, हात जरा थांबतो, आणि मग तेच बरोबर वाटतं. तसं आपल्या भाषेला हे अगदीच नवीन नाही. ज्ञानदेवांच्या विरहिणीत पुरुष ‘ती’ होऊन विठ्ठलाची वाट बघतो आणि शेकडो वर्षं लोक ते गातायत. फरक एवढाच की तिथे भक्तीचा आडोसा आहे, रसेलकडे साधा घरातला माणूस आहे.

समीक्षकांचं म्हणाल तर जिवंतपणी दखल थोडी आणि विक्री त्याहून थोडी. डिस्कोवाल्यांना तो विचित्र वाटायचा आणि प्रायोगिकवाल्यांना पॉप. १९९२ मध्ये एड्सने तो गेला, चाळिसाव्या वर्षी, तेव्हा व्हिलेज व्हॉइस या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात समीक्षक काइल गॅन यांनी लिहिलं की गाणी इतकी खासगी होती की हा माणूस आपल्या संगीतातच विरून गेला असं वाटतं. मग संगीतकार फिलिप ग्लास यांच्या पॉइंट म्युझिक या रेकॉर्ड कंपनीने एक संग्रह काढला, तोही फारसा पोचला नाही. खरी उलटापालट २००४ ला झाली, ऑडिका या रेकॉर्ड लेबलने अप्रकाशित गाणी काढायला सुरुवात केली, २००८ ला मॅट वुल्फ यांची डॉक्युमेंटरी, २००९ ला टिम लॉरेन्स यांचं चरित्र, आणि जे आधी अर्धवट वाटत होतं तेच आता काळाच्या पुढचं ठरलं.

या नव्या कौतुकात एक गोष्ट मला खटकते. एकटा, कुणाला न कळलेला प्रतिभावंत अशी गोष्ट रंगवली जाते, आणि ती पूर्ण खरी नाही. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमधल्या घरात रसेलचा जोडीदार टॉम ली सोबत राहायचा, नोकरी करून घर चालवायचा, आजारपणात शेवटपर्यंत सांभाळलं त्यानेच. मागे हजाराच्या वर टेप राहिल्या, एकाच गाण्याचे चाळीस चाळीस मिक्स, त्या जपल्या त्यानेच. पुढे ऑडिकाने जे काही काढलं ते टॉमने त्या टेप उघडून दिल्या म्हणून. आता तो संग्रह न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहे आणि त्यातून अजून अल्बम निघतायत, २०१९ ला एक आला, २०२३ ला आणखी एक.