हापूसच्या पेटीवरचा कोड काय सांगतो, काय नाही

‘पेटीची नोंद ब्लॉकचेनवर आहे, म्हणजे आंबा अस्सल देवगड हापूसच,’ असा मेसेज मोसमात फिरतो. तसं नसतं. ब्लॉकचेन म्हणजे संगणकावरची सामायिक नोंदवही; पेटीवरचा कोड स्कॅन केला की तिच्यातली त्या पेटीची नोंद दिसते. तिच्यात नोंदींच्या प्रत्येक गठ्ठ्यात आधीच्या गठ्ठ्याचा ठसा, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून काढलेला आकडा, असतो. मागची नोंद गुपचूप बदलली, तर पुढचे ठसे जुळत नाहीत. म्हणून नोंद टिकते. पण ती भरतो माणूसच. कर्नाटकातला आंबा ‘देवगड’ म्हणून भरला, तर ते खोटंही तितकंच पक्कं टिकतं. शिवाय छापील कोडची प्रत दुसऱ्या पेटीवर चिकटवता येते, आणि मला हाच धोका मोठा वाटतो.

कोड स्कॅन करा. बागायतदार, गाव, तोडणीची तारीख दिसते का? शेजारच्या पेटीवर तोच कोड नाही ना? कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरता येण्याची कायदेशीर नोंद) मिळालं. विक्रेत्याकडे त्या मानांकनाखालचा बागायतदाराचा नोंदणी क्रमांक मागा.