गुडघ्याखालची उशी काढा : लिगामेंटची दुखापत झालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी माहितीपत्रक

आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतील फिजिओथेरपी केंद्रात गुडघ्याच्या लिगामेंटची (हाडाला हाडाशी बांधणाऱ्या पट्ट्याची) दुखापत घेऊन येणाऱ्यांत पेठांमधील फुटबॉल खेळाडू आणि तालमीतील मुले असतात, तसेच पावसाळ्यात दुचाकी घसरताना पाय टेकवून तोल सावरू पाहणारे आणि ओल्या पायरीवरून पाय सटकलेल्या गृहिणीही असतात. एमआरआयचा अहवाल हाती पडेपर्यंत एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला पुढचा लिगामेंट, हे यांतील बहुतेकांना ठाऊक झालेले असते, त्यामुळे त्याविषयी येथे अधिक सांगत नाही. हे पत्रक छापण्याचे कारण वेगळे आहे. जवळजवळ प्रत्येक घरात एकच चूक होते आणि ती निस्तरण्यात रुग्णाचे व आमचे कित्येक आठवडे खर्ची पडतात. ती चूक म्हणजे गुडघ्याखाली ठेवलेली उशी.

दुखावलेल्या गुडघ्यात पाणी किंवा रक्त साचले की सांध्याच्या आवरणातील दाब वाढतो. गुडघा साधारण ३० अंशांत वाकलेला असताना त्या आवरणात सर्वांत जास्त जागा असते, म्हणून दाब उतरतो आणि ठणका कमी होतो. उशीने बरे वाटते ते याच कारणाने. तो मनाचा खेळ नव्हे. मुलगा कण्हत असला की आई मध्यरात्री उठून उशी हळूच सरकवते, आणि तिला दोष देण्याचे धैर्य आमच्यापैकी कोणातही नाही. परंतु रात्रभर आणि दिवसाही टीव्हीसमोर त्याच स्थितीत ठेवलेल्या गुडघ्याचे मागचे स्नायू आखडतात, सांध्याच्या मागचे आवरण आक्रसते, आणि शस्त्रक्रिया झालेली असल्यास सांध्याच्या आत पुढच्या बाजूला चिवट व्रण वाढून गुडघा सरळ होण्याच्या वाटेतच अडसर उभा राहू शकतो. हा अडसर कधीकधी दुर्बिणीतून पुन्हा शस्त्रक्रिया करूनच काढावा लागतो.

“गुडघा वाकतो आहे की छान, पाचसहा अंश सरळ व्हायचा राहिला तर काय बिघडले?” हा प्रश्न आम्हांला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. त्याचे उत्तर आपण घरीच मिळवू शकता. धडधाकट पाय किंचित वाकवून त्या एकाच पायावर मिनिटभर उभे राहून पाहावे. मांडीचा पुढचा स्नायू थरथरू लागेल. सरळ गुडघ्यावर उभे राहताना या स्नायूला फारसे काम नसते, कारण हाडावर हाड नीट बसते. गुडघा सरळच होत नसेल तर प्रत्येक पावलाला स्नायू राबतो, गुडघ्याच्या वाटीवर दाब वाढतो, चाल लंगडी होते आणि काही दिवसांनी कंबरही तक्रार करू लागते. शिवाय सुजलेला गुडघा मांडीच्या स्नायूला मिळणारा मज्जातंतूचा हुकूमच दाबून टाकतो, त्यामुळे आधीच रोडावलेली मांडी अधिक रोडावते. वाकणे थोडे उशिरा आले तरी बहुधा येते. सरळ होणे मात्र पहिल्या काही आठवड्यांतच मिळवावे लागते.

आपला गुडघा किती मागे आहे, हे तपासण्याची एक सोपी पद्धत आहे. पलंगावर पालथे झोपून गुडघ्यापासून खालचे दोन्ही पाय कडेबाहेर सैल सोडावेत आणि घरातील कोणालातरी दोन्ही टाचांची उंची पाहण्यास सांगावे. दुखऱ्या पायाची टाच जितके सेंटीमीटर वर राहील, तितके अंश साधारणपणे गुडघा सरळ होण्यात कमी आहे, असे समजावे. तुलना नेहमी आपल्याच दुसऱ्या पायाशी करावी, कारण काही लोकांचा गुडघा जन्मतःच सरळ रेषेच्याही थोडा मागे जातो आणि त्यांच्या बाबतीत “सरळ झाला” एवढे पुरेसे नसते.

उपाय बिनखर्चाचा आहे. उशी गुडघ्याखालून काढून टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवावी, गुडघा अधांतरी राहू द्यावा आणि मांडी आवळून वाटी वर खेचावी. दहा मिनिटे, दिवसातून चार वेळा. मागच्या बाजूला ताण जाणवेल, तो सोसण्याजोगा असावा. सूज उतरवण्यासाठी पाय उंच ठेवायचा असेल, तर संपूर्ण पाय टाचेपर्यंत सरळ उंच ठेवावा. येथे तीन अपवाद नीट वाचावेत. मागचा लिगामेंट, म्हणजे पीसीएल, दुखावला असेल तर केवळ टाचेखाली आधार दिल्याने नडगीचे हाड मागे झुकते, म्हणून त्या रुग्णांना पोटरीखालीही आधार लागतो. गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटून तिचा तुकडा सांध्यात अडकल्यामुळे गुडघा ‘लॉक’ झाला असेल, तर जोर लावून सरळ करू नये. थेट अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. आणि गादीला टाके घातले असतील, तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी दिलेले बंधन आमच्या पत्रकापेक्षा वरचे मानावे.

पहिल्या दिवशी आम्ही मशीन लावत नाही, केवळ कोनमापकाने मोजत बसतो आणि मग “घरी करण्यासारखे” व्यायाम देतो, अशी नाराजी काही जणांनी आमच्या कानावर घातली आहे. शेक आणि करंट यांनी वेदना काही काळ हलकी होते, हे आम्हांला मान्य आहे आणि ती यंत्रे आमच्याकडेही आहेत. मांडीचा स्नायू झोपी गेला असेल तर त्याला जागे करण्यासाठी विजेच्या यंत्राचा उपयोग आम्ही आवर्जून करतो. परंतु आखडलेला गुडघा यंत्राखाली पडून सरळ होत नाही. प्रत्येक सिटिंगला मोजलेला अंश आम्ही आपल्या कार्डावर लिहितो, तो यासाठी की रात्री उशी पुन्हा आली आहे का, हे दुसऱ्या दिवशी आकड्यावरून कळते.

शस्त्रक्रिया ठरलेली असताना आधी व्यायामाला का पाठवले जाते, याचेही उत्तर येथेच आहे. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर नवा लिगामेंट बसवला तर तो नंतर अधिक आखडण्याचा धोका असतो, म्हणून सूज उतरून गुडघा सरळ होईपर्यंत सर्जन बहुधा थांबतात. उशीमुळे शस्त्रक्रियेची तारीख पुढे गेलेले रुग्ण आम्ही पाहिले आहेत. शस्त्रक्रिया लागेलच का, हा निर्णय मात्र आमचा नव्हे. स्वीडनमधील १२१ तरुण रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधी व्यायाम व गरज पडली तरच शस्त्रक्रिया, अशा गटातील ५९ जणांपैकी २३ जणांना दोन वर्षांत शस्त्रक्रिया करावी लागली. बाकीच्यांचे तेवढ्या काळात तिच्याविना भागले. ज्याचा गुडघा चालताना निसटतो किंवा ज्याला पुन्हा मैदानात वळणे घ्यायची आहेत, त्याचा हिशेब वेगळा असतो. बकऱ्याच्या पायाच्या सुपाविषयीही रोज विचारणा होते. आवडत असेल तर जरूर प्यावे. तुटलेला लिगामेंट त्याने सांधला जात नाही.

आता पुढच्या वीस वर्षांविषयी. लिगामेंट एकदा तुटला की त्या गुडघ्याला संधिवाताचा, म्हणजे झिजेचा, धोका इतरांपेक्षा अधिक राहतो आणि उत्तम शस्त्रक्रियेनेही तो पूर्णपणे टळत नाही. गादी किती शाबूत राहिली, गुडघा पुन्हा मुरगळला का, मांडीत ताकद किती आणि वजन किती, यांवर पुष्कळ अवलंबून असते. आणि ज्यांचा गुडघा पूर्ण सरळ होत नाही, त्यांच्यात ही झीज अधिक आढळते. स्थूल आणि झिजलेल्या गुडघ्याच्या लोकांवरील मोजमापांत असे दिसले आहे की, वजन एक किलोने उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो. रंकाळ्यावरचे चालणे त्यासाठी चांगलेच आहे, पण केवळ चालण्याने रोडावलेली मांडी भरत नाही. तिला वजनाचा व्यायाम लागतो आणि तो खेळ सोडल्यानंतरही चालू ठेवावा लागतो. तालमीतील मुलांना बैठका कायमच्या बंद, असे आम्ही कधीच सांगत नाही. कोणत्या महिन्यात किती खोल आणि किती, एवढेच ठरवून देतो.

शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत सामना खेळू नये, आणि त्यानंतरही दुखऱ्या पायाची ताकद व उडी दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के झाल्यावरच खेळावे, असा आमचा आग्रह असतो. हंगाम सुरू झाला की हा आग्रह कोणालाच आवडत नाही. ही चाचणी आमच्याकडील पूर्ण उपचारांच्या शुल्कातच धरलेली असते, आणि उपचार दुसरीकडे घेतले असले तरी ती स्वतंत्रपणे करून घेता येते.

पोटरी अचानक सुजून दुखू लागली, ताप आला, किंवा जखमेतून पाणी येऊ लागले, तर आमच्या वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पहिल्या भेटीला येताना एमआरआयची फिल्म आणि अहवाल, शस्त्रक्रिया झाली असल्यास डिस्चार्ज कार्ड, आणि गुडघ्याच्या वर जाईल अशी सैल हाफ पँट आणावी. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या पाळ्यांना जाणाऱ्यांसाठी सकाळी सातची वेळ राखून ठेवलेली असते. टाचांच्या उंचीतील फरक मोजून देण्याचे आम्ही शुल्क घेत नाही. शक्य झाल्यास रात्री सोबत असणाऱ्या व्यक्तीलाही पहिल्या दिवशी घेऊन यावे, म्हणजे टॉवेल कोठे ठेवायचा हे त्यांनाच दाखवता येईल.