लोकेशनची डायरी घरच्याच सर्व्हरवर ठेवायची असेल तर: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

नमस्कार. फोंड्याच्या आमच्या दुकानात वायफाय, सीसीटीव्ही नाहीतर घरचा सर्व्हर (घरात सतत चालू राहणारा, डेटा साठवणारा कॉम्प्युटर) बसवायला येणारे ग्राहक हल्ली हटकून विचारतात, की गूगल मॅप्सवरची ती टाइमलाइन, आपण कधी कुठे होतो ते दाखवणारी, कुठे गेली हो, आणि तसंच काहीतरी आपल्या घरच्या मशीनवर चालवता येईल का. येतं. सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, फुकट आहे, आम्ही पैसे घेतो ते बसवायचे आणि शिकवायचे. पण ऑर्डर देण्याआधी हे पत्रक शेवटपर्यंत वाचा, कारण यातली निम्मी कटकट नंतर तुमच्या गळ्यात असते आणि ती आधी सांगितली नाही की मग ऐन चवथीला आम्हाला फोन येतात.

टाइमलाइनचं झालं असं की डिसेंबर २०२३मध्ये गूगलने जाहीर केलं, यापुढे ही माहिती त्यांच्या सर्व्हरऐवजी तुमच्या फोनमध्येच राहणार, आणि मग कॉम्प्युटरवर बघायची सोयही बंद झाली. प्रायव्हसीच्या बाजूने बघितलं तर हे चांगलंच केलं त्यांनी, उगाच शिव्या घालण्यात अर्थ नाही. पण बॅकअप चालू नसेल आणि फोन फेरीबोटीवरून मांडवीत पडला तर दहा वर्षांची ये-जा पण मांडवीत. मार्च २०२५मध्ये तर तांत्रिक गडबडीत काही लोकांचा टाइमलाइन डेटा उडाला, गूगलने तसं मान्यही केलं, आणि परत मिळाला तो ज्यांनी एनक्रिप्टेड (कुलूपबंद) बॅकअप ठेवला होता त्यांनाच.

हे लागतं कोणाला

सगळ्यांना लागत नाही, हे आम्ही दुकानदार असून सांगतो. मागच्या महिन्यात आपण कुठे होतो याच्याशी तुम्हाला काही देणंघेणं नसेल तर फोनमधली टाइमलाइन बंद करा आणि घरी जा, पैसे वाचले.

पण पंप दुरुस्ती, एसी, इलेक्ट्रिकलची कामं करणाऱ्यांना महिनाअखेरीला कुठल्या साइटवर किती वाजता पोचलो आणि किती वेळ थांबलो हे लागतं, बिल करताना आठवत नाही. बोटीवर नोकरी करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. इन्कम टॅक्ससाठी वर्षात भारतात किती दिवस राहिलो, १८२चा आकडा ओलांडला की नाही, हे मोजताना घरात दरवर्षी वाद. खरा पुरावा पासपोर्टवरचे शिक्के आणि बोटीची कागदपत्रंच, आमचा नकाशा दाखवून काही होणार नाही, पण सीएकडे जायच्या आधी आपला हिशेब आपल्याला जुळवता येतो. आणि काही लोकांना नुसती हौस असते, पंढरपूरच्या वारीला चालत गेलो ती रेघ नकाशावर बघायची, त्यात पण काही वाईट नाही.

एका नोंदीत असतं काय

फोन दर थोड्या वेळाने एक ओळ लिहितो. तारीख आणि वेळ, अक्षांश, रेखांश, अचूकता किती मीटरची, वेग, उंची, आणि बहुतेक ॲप्स बॅटरी किती टक्के हेही टाकतात. बस एवढंच. पणजीत उभे असाल तर १५.४९ आणि ७३.८२ असे आकडे सुरू होतात आणि पुढे जितके जास्त आकडे तितकी जागा बारीक, म्हणजे दशांशानंतर चौथ्या आकड्याला साधारण ११ मीटर, पाचव्याला एक मीटरच्या आसपास. पाच आकड्यांत तुम्ही दुकानाच्या आत आहात की समोरच्या गाड्यावर रस ऑम्लेट खाताय हे कळायला हवं, निदान कागदावर तरी, प्रत्यक्षात फोनचा जीपीएस मोकळ्या आभाळाखाली पाचदहा मीटरच्या आतबाहेर खेळत असतो.

अशा ओळी दर ३० सेकंदाला धरल्या तर दिवसाच्या २८८०, वर्षाला साडेदहा लाख. ऐकायला भयंकर वाटतं पण हा सगळा नुसता मजकूर, वर्षाचं सगळं मिळून तुमच्या लग्नाच्या व्हिडिओपेक्षा कमी जागा खातं.

आता बघा, यातल्या रात्री दोन ते पहाटे पाचच्या ओळी वेगळ्या काढल्या की तुमचं घर मिळालं. सोमवार ते शुक्रवार दुपारच्या काढल्या की ऑफिस. दर गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास कुठे, डॉक्टरकडे की मठात की आणखी कुठे, तेही मिळालं. काही जण म्हणतात नाव काढून टाकलं की झालं ना. नाही होत. २०१३ साली १५ लाख लोकांच्या मोबाईल डेटावर केलेल्या अभ्यासात दिसलं की चार वेळा कोण कुठे होतं एवढं कळलं तरी ९५ टक्के माणसं एकमेकांपासून वेगळी ओळखता येतात, नाव नसताना. म्हणून आम्ही म्हणतो नोंद ठेवायचीच तर ती घरात ठेवा.

आम्ही काय बसवतो

बहुतेक ग्राहकांना दावारिख नावाचं सॉफ्टवेअर. दिसायला टाइमलाइनच्या सगळ्यात जवळचं, नकाशावर रेघ येते, वर्षाला किती किलोमीटर, किती गावं, कुठल्या सहली, सगळं बघता येतं, आणि गूगलची जुनी फाईल आत घेता येते, जीपीएक्स (मार्गाच्या नोंदींची फाईल) पण घेतं. इमिच, म्हणजे घरच्या सर्व्हरवर फोटो ठेवायचं सॉफ्टवेअर, वापरत असाल तर फोटो पण नकाशावर दिसतात. याचा एक स्वभाव मात्र लक्षात ठेवा, हे अजून जोरात बदलत असलेलं सॉफ्टवेअर आहे, बनवणारेच सांगतात की अपडेटच्या आधी बॅकअप घ्या आणि मूळ फाईल इम्पोर्ट झाली म्हणून डिलीट करू नका. आम्ही ऑटो अपडेट बंद ठेवूनच देतो, कृपा करून चालू करू नका.

ज्यांना दिखाऊपणा नको, नुसती नोंद हवी, त्यांना ओनट्रॅक्स. त्याचा रेकॉर्डर, म्हणजे सर्व्हरवर चालणारा भाग, साध्या टेक्स्ट फाईलीत लिहितो, महिन्याची एक फाईल, उद्या सॉफ्टवेअर बंद पडलं तरी नोटपॅडमध्ये उघडून वाचता येईल. आमच्यातल्या जुन्या माणसाला हेच आवडतं. टेम्पो, टॅक्सी, रेंट अ बाईकवाल्यांना ट्रॅकार, कारण गाडीत बसवायचे जे जीपीएस डबे मिळतात त्यांचे दोनशेच्या वर प्रोटोकॉल (डेटा पाठवायच्या भाषा) त्याला समजतात.

मशीन म्हणाल तर ४ जीबी रॅमचा रास्पबेरी पाय, हा छोटासा कॉम्प्युटर, पुरतो, नाहीतर घरात पडलेला जुना लॅपटॉप चालतो. पाच वॅटच्या हिशेबाने महिन्याला साडेतीन-चार युनिट लाईट. मेमरी कार्डावर मात्र डेटाबेस ठेवू नका, सारखं लिहून लिहून कार्ड मरतं, आम्ही एसएसडी (जास्त टिकणारी ड्राईव्ह) लावतो आणि तो खर्च वाचवायला कोणी सांगितला तर ऐकत नाही. यूपीएस पण घ्या. जूनपासून आपल्याकडे लाईट कशी येते-जाते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, आणि डेटाबेस लिहीत असताना झटका बसला की मग दोन दिवस काम.

राऊटर उघडायचा की नाही

इथे जरा थांबा. इंटरनेटवर शोधलंत तर सगळे सांगतील राऊटरवर पोर्ट फॉरवर्ड करा (बाहेरून आत यायला दार उघडा) म्हणजे बाहेरून फोन थेट घरच्या सर्व्हरला नोंद पाठवेल. एक तर इथल्या बऱ्याच कनेक्शनना स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट पोचता येईल असा पत्ता) मिळतच नाही, आणि मिळाला तरी ज्या मशीनवर तुमची दहा वर्षांची ये-जा आहे ती जगाला उघडी कशाला ठेवायची? आम्ही सुचवतो ते अगदी सोपं आहे, दिवसभर फोननेच नोंदी साठवायच्या आणि संध्याकाळी घरच्या वायफायला लागला की ओतून टाकायच्या. ओनट्रॅक्स, ओव्हरलँड ही ॲप्स सर्व्हर सापडेपर्यंत नोंदी धरून ठेवतात. तुम्हाला दुपारी तीनला आपणच कुठे आहोत हे नकाशावर बघायची गरज काय. खरंच गरज असेल, गाडीमालकांना असते, तर वायरगार्डवर चालणारं व्हीपीएन, म्हणजे फोन आणि घर यांच्यातला कुलूपबंद रस्ता, लावून देतो, पोर्ट उघडत नाही.

यावरून दुसरा नेहमीचा प्रश्न, चोर्ला घाटात नेट नसतं तिथे काय. नेट नसलं तरी जीपीएस चालतो, तो उपग्रहांकडून येतो, जिओ-एअरटेलकडून नाही. फोन लिहीत राहतो, बेळगाव नाहीतर साखळीला पोचल्यावर पाठवतो.

ठिपके भलतीकडे दिसतात

दिसणारच. सगळ्यात जास्त तक्रार कुळागरवाल्यांची, कारण माड-पोफळींच्या दाट सावलीत सिग्नल नीट येत नाही, मग ठिपका व्हाळाच्या पलीकडे शेजाऱ्याच्या बागेत जाऊन बसतो, परत येतो, परत जातो. तुम्ही एका जागी फणस कापत बसलेले असता आणि दिवसअखेर सॉफ्टवेअर म्हणतं तीन किलोमीटर चाललात. घरात टेबलावर ठेवलेला फोनसुद्धा असाच फुकटचा फिरतो. यासाठी आम्ही अचूकता १०० मीटरपेक्षा वाईट असलेल्या नोंदी गाळायला लावतो, तरी थोडं राहतंच, त्या किलोमीटरवर पेट्रोलचं बिल काढू नका.

उलट रायबंदरहून चोडणला फेरीबोटीने जा, वर मोकळं आभाळ, ठिपके कसे ओळीने नदी ओलांडतात बघा. ॲप मात्र कधीकधी ती सायकल समजतं.

आणि रेघ मधेच दोनतीन तास गायब असेल तर आधी फोन तपासा. अँड्रॉइडवर बऱ्याच कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारं ॲप मारून टाकतात. सेटिंगमध्ये त्या ॲपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ ठेवा. दहापैकी नऊ वेळा तेवढंच असतं. ओनट्रॅक्सवर मूव्ह मोड (सतत नोंद) चालू ठेवलात तर रेघ सुंदर येते पण बॅटरी दुपारीच बसते, रोजच्या वापराला सिग्निफिकंट मोड (जागा बरीच बदलली की नोंद) ठेवा.

घरात ठेवूनही बाहेर जाणारं

हे सहसा कोणी सांगत नाही. आकड्यांवरून ‘बाजार रस्ता, म्हापसा’ असं नाव काढायला सर्व्हर दुसऱ्या एखाद्या सर्व्हिसला तुमचे अक्षांश-रेखांश पाठवतो. म्हणजे सगळा खटाटोप करून लोकेशन परत बाहेरच. दावारिखमध्ये हे बंद करता येतं, किंवा फोटॉन नावाची सर्व्हिस घरच्या मशीनवरच चालवता येते, पण ती भरपूर जागा खाते, रास्पबेरी पायवर ओढत नाही. आम्ही बंद ठेवून देतो, हवं त्याने विचारून चालू करावं. नकाशाची चित्रं पण बाहेरून येतात, त्यामुळे तुम्ही कुठला भाग बघताय तेवढं तिकडे कळतं, तुम्ही तिथे कधी होता ते नाही.

आणि मोबाईल कंपनीला तुम्ही कुठल्या टॉवरखाली होता हे माहीत असतंच, कॉलचे रेकॉर्ड त्यांना किमान दोन वर्षं ठेवावे लागतात. सर्व्हर घरी आणला म्हणून आपण अदृश्य झालो असं समजू नका. फोनमधल्या बाकी ॲप्सना दिलेली लोकेशनची परवानगी तपासायला विसरू नका, नाहीतर इकडे आम्ही कुलपं लावतोय आणि तिकडे टॉर्चच्या ॲपला सगळं माहीत.

हे आम्ही करणार नाही

बायकोच्या, नवऱ्याच्या, मोठ्या मुलीच्या फोनवर तिला न सांगता टाकून द्या, असं सांगायला माणसं येतात. आम्ही देत नाही, डबल पैसे दिले तरी नाही, आणि का ते पण समजावत बसत नाही. ज्याचा फोन त्याने दुकानात यायचं, ॲप त्यानेच टाकायचं, आणि बंद कसं करायचं ते त्याला आधी शिकवतो.

कामगारांच्या बाबतीत गाडीत डबा लावा, माणसाच्या खिशातल्या फोनवर नको, आणि सांगून लावा. २०२३चा डेटा संरक्षण कायदा (तो टप्प्याटप्प्याने अमलात येतोय) घरगुती वापराला लागू नाही पण धंद्यात दुसऱ्याची माहिती ठेवली की तिथे लागतो, तुमच्या वकिलाला विचारून घ्या. कोर्टसुद्धा या बाबतीत कडक आहे, जुलै २०२४मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जामिनावर सुटलेल्या माणसालाही सतत पोलिसांना गूगल लोकेशन दिसत राहील अशी अट घालता येणार नाही. मग तुमच्या ड्रायव्हरने सुट्टीच्या दिवशी कुठे गेलो ते तुम्हाला का दाखवावं.

बसवायला येताना

जुना डेटा हवा असेल तर आधी फोनमधून काढून ठेवा. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, लोकेशन, लोकेशन सर्व्हिसेस, टाइमलाइन, आणि तिथे एक्स्पोर्ट. आयफोनवर गूगल मॅप्सच्या आतल्या सेटिंगमध्ये मिळतं. जी जेसन फाईल येते ती पेनड्राईव्हवर टाकून आणा, व्हॉट्सॲपवर आम्हाला पाठवू नका, आम्हाला ती बघायची नाही. मोठी फाईल आत घ्यायला रास्पबेरी पायला कित्येक तास लागतात, रात्रभर चालू ठेवायचं.

बॅकअपसाठी दुसरी ड्राईव्ह घ्या, एनक्रिप्ट करून देतो, पासवर्ड तुम्हीच टाकायचा. तो विसरलात तर आम्हालाही उघडता येणार नाही, तेव्हा कागदावर लिहून कपाटात ठेवा. ही ड्राईव्ह सर्व्हरच्या शेजारीच ठेवली तर वीज पडली की दोन्ही गेले, म्हणून महिन्यातून एकदा लावायची, कॉपी झाली की काढायची, जमलं तर भावाच्या नाहीतर बहिणीच्या घरी ठेवायची. सर्व्हरचा सुरुवातीचा पासवर्ड आम्ही तुमच्यासमोर बदलायला लावतो आणि त्यानंतर आमच्याकडे आत जायचा रस्ता राहत नाही. काही बिघडलं तर मशीन दुकानात आणा किंवा आम्ही घरी येतो, रिमोटवर बसून दुरुस्त करत नाही. डिचोली, फोंडा, तिसवाडीत सहसा दुसऱ्या दिवशी येतो, काणकोण-पेडण्याला शनिवार धरून चाला.