भरल्या पोटी पहारा

अमळनेरजवळच्या एका गावात माझी मावशी राहते. तिच्या सासऱ्यांना लकवा झाला, त्याला आता चार वर्षं होतील. त्यांना उठवून बसवणं, अंग पुसणं, भरवणं, रात्री दोन-तीनदा कूस बदलून देणं, सगळं ती एकटी करते आणि मनापासून करते. मागच्या हिवाळ्यात भरताची वांगी निवडताना विळीवर तिचं बोट कापलं. जखम एवढीशी, पण महिना उलटला तरी ओलीच. 'माले काय धाड भरनी?' म्हणत ती हळद दाबत राहिली. शेवटी आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. रक्तातली साखर तपासली, ती व्यवस्थित निघाली. मग डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, तुम्ही झोपता कधी?"

तेव्हा मला वाटलं, डॉक्टर उगाच चौकशी करताहेत. पुढे वाचत गेलो तसं कळलं की खरा प्रश्न तोच होता.

१९९५ साली जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगांची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया त्यांनी घेतल्या आणि त्यांच्याच वयाच्या, तशाच उत्पन्नाच्या, पण अंगावर ही जबाबदारी नसलेल्या आणखी १३. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी जखम केली आणि ती भरून यायला किती दिवस लागतात ते मोजलं. दुसऱ्या गटाला सरासरी ३९ दिवस लागले. सेवा करणाऱ्या स्त्रियांना जवळजवळ ४९. जखम तीच, नऊ दिवसांहून जास्त फरक.

असं का व्हावं? कापलेल्या जागी येणारी सूज आणि लाली आपल्याला त्रास वाटते, पण दुरुस्तीची सुरुवात तिथूनच होते. पांढऱ्या पेशी तिथे जमतात आणि इंटरल्युकिनसारखी प्रथिनं सोडून बाकीच्या पेशींना कामाला बोलावतात. मनावर ताण आला की मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात, आणि कॉर्टिसॉल हे बोलावणं दाबून टाकतं. बैल उधळला, अंगणात साप निघाला, अशा वेळी ते योग्यच आहे. आधी जीव वाचवायचा, डागडुजी नंतर. पण ताण वर्षानुवर्षं उतरलाच नाही, तर ते 'नंतर' लांबतच जातं. त्या प्रयोगातल्या सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तपेशी इंटरल्युकिन-१ खरोखरच कमी बनवत होत्या.

यावरून कोणी म्हणालं की सेवा शरीराला मारक असते, तर मी त्याच्याशी भांडेन. रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी ६६ ते ९६ वर्षांच्या माणसांवर चार वर्षं नजर ठेवली आणि १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजारी जोडीदाराची काळजी घेता घेता जे पिचून गेले होते, त्यांच्या मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी जास्त दिसला. पण काळजी घेत असूनही ज्यांना असा ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात तशी वाढ दिसली नाही. २००३ मध्ये स्टेफनी ब्राउन यांनी ४२३ वयस्क जोडप्यांच्या पाच वर्षांच्या नोंदी तपासल्या. दुसऱ्यांना आधार देणारे लोक उलट जास्त जगत होते. अशा पाहण्यांतून कार्यकारण सिद्ध होत नाही हे खरं, आधीपासून धडधाकट असलेला माणूसच जास्त मदत करू शकतो असंही असेल. तरी दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की दोष मदतीत दिसत नाही. आपण रिकामे होत असताना मदत चालूच ठेवतो, तिथे तो दिसतो.

मावशीच्या अंगणातल्या निंबावर सातभाईंचा थवा येतो. खान्देशात हा पक्षी कोणी पाहिला नाही असं होणार नाही: मातकट रंगाचा, पाच-दहाच्या टोळीनं पाचोळा उलथणारा, अखंड कलकलाट करणारा. टोळी खाली किडे टिपत असते तेव्हा बहुधा एक जण उंच फांदीवर बसून पहारा देतो. मांजर किंवा शिक्रा दिसला की तो ओरडतो आणि सगळे झुडपात घुसतात. लहानपणी आम्हाला वाटायचं, बिचारा उपाशी राहून सगळ्यांसाठी बसलाय.

शास्त्रज्ञांनाही बराच काळ साधारण असंच वाटत होतं. मग टिम क्लटन-ब्रॉक यांच्या चमूनं आफ्रिकेच्या कलाहारीत मीरकॅट या छोट्या प्राण्यांचे पहारे तपासले. काहींना उकडलेलं अंडं खायला घातलं, तर तेच जास्त पहारा देऊ लागले. हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. २००१ मध्ये जोनाथन राइट आणि सहकाऱ्यांनी अरबी सातभाईंवर, म्हणजे आपल्या सातभाईच्या वाळवंटातल्या भाऊबंदांवर, हाच प्रयोग केला. तिथेही खाऊ मिळालेला पक्षी जास्त पहारा देऊ लागला. पाळी कोणी लावून देत नाही. पोट भरलं की वर चढायचं, भूक लागली की खाली उतरायचं, तोवर दुसरा कोणी चढतो. उपाशी पहारेकऱ्याचा टोळीला उपयोग नसतो, आणि त्याच्या उतरण्याला तिथे कोणी स्वार्थ म्हणत नाही.

मावशीच्या बाबतीत मला खटकत होतं ते हेच. ती खाली उतरतच नव्हती. बरं, पाळीनं काम करणं तिला नवीन थोडंच आहे? चैत्र-वैशाखात गल्लीत बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, होतात. ज्वारीचं शिजवलेलं पीठ गरम असतानाच ओल्या कापडावर थापावं लागतं, ऊन चढायच्या आत उरकावं लागतं, एका बाईचं ते कामच नाही. म्हणून आज हिच्या घरी, उद्या तिच्या. कोणाला लाज वाटत नाही, कोणी उपकार मोजत नाही. जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ साली अशाच परतफेडीच्या मदतीचं गणित मांडलं होतं. पण ज्या हातांना बिबड्यांसाठी बिनधास्त हाक मारायची, त्यांनाच 'तासभर सासऱ्यांजवळ बसा' म्हणायला मावशीची जीभ रेटेना. सेवा वाटली तर ती कमी होते, असं तिच्या मनात घट्ट बसलेलं होतं.

शेवटी मी तिला सल्ला दिलाच नाही, निंबाखाली खाट टाकून सातभाईंचीच गोष्ट सांगितली. ती गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "तो खाली उतरला तर बाकीचे त्याला टोचत नाहीत?" नाही टोचत, म्हटलं.

आता मंगळवारी आणि शनिवारी रात्री तिचा पुतण्या आजोबांजवळ झोपतो. आणि या उन्हाळ्यात ती तीन घरी बिबडे करायला गेली. दर वेळी सासऱ्यांच्या खाटेजवळ शेजारचं कोणीतरी बसलेलं होतं.