नौकेवरील भटक्या विद्युतप्रवाहाचा शोध

खाऱ्या पाण्यात उभ्या नौकेचा पंखा, शाफ्ट, सुकाणूचा दांडा आणि तळातून पाणी घेणारे कॉक विजेमुळे दोन तऱ्हांनी झिजतात. दोन्हींवरचे इलाज निरनिराळे आहेत, त्यामुळे स्वतः झिजून इतर धातू वाचवणारे जस्ताचे ठोकळे वाढवण्याआधी कोणती तऱ्हा चालू आहे हे मीटर लावून ठरवावे लागते.

पहिल्या तऱ्हेत बाहेरची वीज नसतेच. पोलाद व काशासारखे दोन भिन्न धातू वायरने किंवा यंत्राच्या सांगाड्यातून जोडलेले असले आणि दोन्ही समुद्राच्या पाण्यात असले, की त्यांचीच एक बॅटरी बनते व अधिक क्रियाशील धातू, इथे पोलाद, झिजतो. ही झीज महिनोन् महिने चालते. दुसऱ्या तऱ्हेत नौकेच्या बॅटरीचा धन प्रवाह वायर सोडून तळात साचलेल्या पाण्यात उतरतो आणि एखाद्या कॉकमधून समुद्रात जातो; हाच भटका प्रवाह. धातू विरघळतो तो प्रवाह जिथून पाण्यात बाहेर पडतो तिथे. १ अँपिअर प्रवाहाने दिवसाला सुमारे २८ ग्रॅम तांबे जाते, म्हणजे १०० मिलिअँपिअरची गळतीही वर्षभरात किलोभर धातू नेते. फ्यूज १० किंवा १५ अँपिअरचा असल्याने त्याला याचा पत्ताच लागत नाही.

नजरेला काही खुणा दिसतात. एरवी वर्षभर पुरणारे जस्त महिन्याभरात संपणे किंवा एकच कॉक खड्डे पडून लख्ख चकाकणे म्हणजे भटक्या प्रवाहाचा संशय घ्यावा. पितळी भाग गुलाबी दिसला तर त्यातले जस्त निघून गेले आहे; हातोडीने हलके ठोकल्यास आवाज बद्द येतो. असा भाग बाहेरून धड दिसला तरी बदलावाच. मात्र गुलाबी रंग दोन्ही तऱ्हांत येतो, तेव्हा त्यावरून निदान करू नये.

तपासणीला चांदी–सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत धातूचा व्होल्टेज मोजतात) आणि १० मेगाओहम अंतर्गत रोधाचा डिजिटल मल्टिमीटर लागतो. इलेक्ट्रोड नौकेबाहेर पाण्यात सोडून मीटरच्या ‘कॉम’ टोकाला जोडावा, लाल टोक धातूच्या खरवडून साफ केलेल्या जागेवर टेकवावे. एकट्या धातूचे आकडे समुद्राच्या पाण्यात साधारण असे येतात: जस्त –१००० ते –१०५० मिलिव्होल्ट, साधे पोलाद –६०० ते –७००, काशाचे प्रकार –२५० ते –३५०, स्टेनलेस ० ते –१००. जस्ताने नीट सांभाळलेला भाग आपल्या मूळ आकड्यापेक्षा किमान २०० मिलिव्होल्टने अधिक ऋण दिसतो.

आधी बॅटरीचा मुख्य स्विच बंद करून आणि किनाऱ्याची वीज काढून प्रत्येक भागाचा आकडा लिहून घ्यावा. मग मुख्य स्विच लावून एकेक स्विच चालू करीत जावे: दिवे, वायरलेस, जीपीएस, मासे शोधणारे यंत्र, पंप. एखादा स्विच टाकताच कॉकचा आकडा शून्याकडे सरकला, समजा –५५० चा –४०० झाला, तर त्या भागातून प्रवाह पाण्यात जात आहे आणि दोष त्याच सर्किटमध्ये आहे. शाफ्टचे वाचन मात्र फसवे असते. गिअरबॉक्समधल्या तेलाच्या थरामुळे शाफ्ट आणि इंजिनाचा जोड कधी लागतो, कधी सुटतो. म्हणून शाफ्ट हाताने फिरवून दोन-तीनदा मोजावे.

काही वायरी मुख्य स्विचला वगळून थेट बॅटरीला असतात, आणि गळती बहुधा तिथेच सापडते. सगळे स्विच बंद ठेवून धन केबल काढावी व मधे मिलिअँपिअरवर लावलेला मीटर जोडावा. या वेळी इंजिन सुरू करू नये, मीटर जळतो. व्होल्टमीटरवर विसंबू नये. १० मेगाओहमचा मीटर दमट खारानेही १२ व्होल्ट दाखवतो. रेडिओची स्मृती किंवा अलार्म थोडा प्रवाह घेतात, तो वायरीतूनच परत येत असल्याने निरुपद्रवी असतो. त्यांचे फ्यूज काढल्यावरही प्रवाह उरला, तर एकेक वायर सोडत जावे.

पहिला संशय तळातले पाणी उपसणाऱ्या पंपावर आणि त्याच्या तरंगत्या स्विचवर घ्यावा. त्यांचे वायरजोड पाण्यात बुडतात. टेप गुंडाळून हा जोड टिकत नाही. तो पाण्याच्या पातळीच्या वर आणून आतून गोंद असलेल्या, तापवल्यावर आक्रसणाऱ्या हीटश्रिंक नळीने बंद करावा. दुसरा नेहमीचा दोष म्हणजे स्विच ऋण वायरीत बसवणे. मग पंप बंद असतानाही धन वायर जिवंत राहते, आणि चिरलेल्या आवरणातून रात्रंदिवस गळत राहते.

मरीनात, म्हणजे नौका बांधून ठेवण्याच्या धक्क्यावर, किनाऱ्याची वीज घेतली की अर्थच्या वायरीने शेजारची नौकाही जोडली जाते, आणि आपले जस्त तिचा पंखा सांभाळू लागते. त्यावर अर्थच्या वायरीत हा अल्प प्रवाह अडवणारा डायोडांचा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवतात. अर्थची वायर तोडणे हा उपाय नव्हे. त्यात माणसे दगावतात.

कोकणात १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत ट्रॉलर किनाऱ्यावर ओढले जातात. वायरी बदलायला आणि जस्त व कॉक यांमधल्या जोडवायरीचा रोध १ ओहमच्या आत आहे का हे पाहायला हा काळ उत्तम. पण इलेक्ट्रोडची मोजणी पाण्यातच होते, तेव्हा ती मे महिन्यात उरकावी. खाडीच्या तोंडाशी पावसात पाणी गोडे होते आणि जस्तावर कठीण कवच चढून ते काम थांबवते. अशा ठिकाणी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ठोकळे अधिक भरवशाचे. कोणत्याही ठोकळ्याला रंग लावू नये.

लाकडी नौकेवर जास्त जस्तही घातकच. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये ब्रिटिश युद्धनौकांचे तांब्याचे पत्रे असेच सांभाळले, तेव्हा तांबे झिजेनासे झाले आणि त्यावर शिंपले व शेवाळ माजले. लाकडावर नुकसान वेगळे होते: अतिसंरक्षित कॉकभोवती अल्क (आम्लारी) तयार होऊन लाकूड मऊ पडते, पांढरी भुकटी दिसते आणि बोल्ट सैल होतात. म्हणून लाकडी तळावर आकडा –५५० ते –६०० च्या दरम्यान ठेवावा आणि त्याहून ऋण गेल्यास ठोकळा कमी करावा.