चावी अडली की थांबा. अडली नाही तरी थांबा

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की कुणाच्या तरी कपाटाच्या तळच्या खणातून आजोबांचं घड्याळ निघतं आणि त्याचा फोटो मला येतो. ठाण्याच्या नौपाड्यातून येतो, कोपरीतून येतो, वाशी-नेरुळला राहायला गेलेल्या नातेवाइकांकडूनही येतो. खाली प्रश्न ठरलेला: "यात सेल नाही, म्हणजे ऑटोमॅटिक ना रे?" ऑनलाइन विकणारे तर विचारतही नाहीत. एचएमटी जनताच्या फोटोखाली बिनदिक्कत 'ऑटोमॅटिक' लिहून मोकळे होतात. घेणारा मग आठवडाभर मनगट हलवत बसतो आणि घड्याळ खराब निघालं म्हणून हळहळतो. जनता चावीचं घड्याळ आहे. ते कितीही हलवा, कमानीत, म्हणजे आतल्या मुख्य स्प्रिंगमध्ये, कणभरही ताण भरणार नाही.

चावीचं घड्याळ तुम्हाला माहीत आहे, म्हणून त्याबद्दल थोडक्यात सांगतो. १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने एचएमटीची घड्याळं बनू लागली आणि पुढची दोन-तीन दशकं दहावीचा निकाल, लग्न, नोकरी, निवृत्ती यांतला प्रत्येक प्रसंग एचएमटीने साजरा झाला. जनता आणि पायलट ही त्यांतली घरोघरी पोचलेली चावीची घड्याळं. डायलवर 'पॅरा शॉक' (म्हणजे धक्क्यापासून संरक्षण) आणि '१७ ज्वेल्स'. (ज्वेल म्हणजे दागिना नव्हे, कृत्रिम माणकाची बारीक बेअरिंगं. ती विकून काही मिळत नाही.) सकाळी एकदा चावी द्यायची, दिवस निघतो. २०१६ मध्ये केंद्र सरकारने घड्याळांची ती कंपनी बंद करायला मंजुरी दिली, पण घरांतली घड्याळं चालूच आहेत.

ऑटोमॅटिक म्हणजे हेच मशीन, त्यावर एक जास्तीचं वजन. अर्धचंद्राच्या आकाराचं ते वजन मधोमध एका खिळीवर मोकळं फिरतं. हात हलला की वजन गुरुत्वाकर्षणाने खाली यायला बघतं, आणि त्या फिरण्याने कमान गुंडाळली जाते. याचं श्रेय बहुतेक वेळा १७७० च्या दशकातल्या स्वित्झर्लंडच्या अब्राहम-लुई पेर्लेला दिलं जातं, पण घड्याळ तेव्हा खिशात असे आणि खिसा फारसा हलत नाही. घड्याळ मनगटावर आल्यावरच या कल्पनेला खरा अर्थ आला. १९२० च्या दशकात जॉन हारवूड या इंग्रज कारागिराने मनगटी ऑटोमॅटिक घड्याळ आणलं. त्यातलं वजन पूर्ण फिरत नसे, दोन बाजूंच्या स्प्रिंगांवर आपटून परत येई. १९३१ मध्ये रोलेक्सने पूर्ण ३६० अंशांत फिरणारं वजन आणलं. आज काचेच्या पाठीतून लोक जे कौतुकाने दाखवतात ते हेच.

किरकोळ फरक एका दमात सांगतो. ऑटोमॅटिक थोडं जाड आणि जड असतं. कानाशी धरून हळूच तिरकं केलं तर आत काहीतरी घरंगळल्यासारखा आवाज येतो. वेळ दोन्ही सारखीच दाखवतात, कारण वेळ राखणारा भाग, म्हणजे बॅलन्स चाक आणि केसासारखी बारीक स्प्रिंग, दोन्हींत त्याच जातीचा असतो. 'ऑटोमॅटिक जास्त अचूक' असं कुणी काउंटरवर सांगितलं तर त्याच्याकडून घड्याळ घेऊ नका.

पहिला घोळ नावाचा आहे. ऑटोमॅटिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वॉशिंग मशीन येतं: बटण दाबलं, विसरलं. इथे आपोआप होते ती फक्त चावी देण्याची क्रिया, आणि तीही घड्याळ हातावर असेपर्यंत. साधारण ऑटोमॅटिकमध्ये पूर्ण भरलेल्या कमानीत चाळीसेक तासांचा साठा असतो. शुक्रवारी संध्याकाळी आठला काढून ठेवलेलं घड्याळ रविवारी दुपारपर्यंत थांबणारच. सोमवारी ते बंद सापडलं म्हणून स्टेशन रोडवर दुरुस्तीला धावत जाणारे मी दर महिन्याला बघतो. घरून काम करणाऱ्यांचं तर रोज हातावर असूनही थांबतं, कारण दिवसभर टेबलावर टेकलेला हात वजनाला फिरवतच नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो तो फरक. काचेच्या पाठीतून वजन दिसतं म्हणून सगळे वजनाबद्दलच बोलतात. खरा फरक बंद डबीच्या आत, कमानीच्या बाहेरच्या टोकाशी आहे.

कमान म्हणजे पोलादाची लांब, पातळ पट्टी, एका चपट्या गोल डबीत गुंडाळलेली. दुरुस्तीवाले त्या डबीला बॅरल म्हणतात. पट्टीचं आतलं टोक मधल्या दांडीला अडकवलेलं असतं. इथपर्यंत दोन्ही घड्याळं सारखी. चावीच्या घड्याळात बाहेरचं टोकही डबीच्या भिंतीला घट्ट अडकवलेलं असतं. तुम्ही चावी फिरवता, पट्टी दांडीभोवती गुंडाळली जाते, आणि सगळी गुंडाळून झाली की पुढे सरकायला जागाच उरत नाही. चावी अडते. बोटांना ते स्पष्ट जाणवतं. तिथे थांबायचं.

ऑटोमॅटिकमध्ये असं केलं असतं तर काय झालं असतं? मनगटाला 'आता पुरे' असं सांगता येत नाही. कमान भरल्यानंतरही माणूस जिने चढतो, टाळ्या वाजवतो, वजन फिरतच राहतं. टोक भिंतीला पक्कं असतं तर काहीतरी तुटलं असतं. म्हणून ऑटोमॅटिकच्या कमानीचं बाहेरचं टोक कशालाच अडकवलेलं नसतं. त्याला एक छोटी, ताठ पट्टी जोडलेली असते. ती स्वतःच्या जोरावर डबीच्या भिंतीला दाबून धरते. कमान पूर्ण भरली की ती भिंतीवरून थोडी घसरते आणि पुन्हा पकडते. जास्तीचा ताण असा निघून जातो. ही घसरती कमान आद्रियें फिलिप या फ्रेंच घड्याळजीने १८६३ मध्येच पेटंट केली होती, मनगटी ऑटोमॅटिकच्या कितीतरी आधी. खिशातलं घड्याळ वेगळ्या किल्लीशिवाय, वरच्या बोंडाने भरायची रीत रुळवणाऱ्यांत त्याचंच नाव येतं. किल्ली गेली तरी आपण त्या बोंडाला आजही चावीच म्हणतो, आणि दोन्ही घड्याळांना तेच बोंड असतं. घोळात भर पडते ती इथून.

आता बघा, सवयीची अदलाबदल झाली की काय होतं. जनतावर वाढलेला माणूस ऑटोमॅटिकची चावी अडेपर्यंत फिरवायला बसतो. ती अडतच नाही. पन्नास वेळा, शंभर वेळा फिरवतो, मग 'आतली स्प्रिंग तुटली' असा निष्कर्ष काढतो. स्प्रिंग ठीक आहे, ती घसरते आहे, आणि घसरणं हेच तिचं काम आहे. उलट बाजू जास्त महागात पडते. ऑटोमॅटिकची सवय झालेला भाचा आजोबांचा पायलट हातात घेतो, चावी अडते, आणि त्याला वाटतं गंजली असेल. जोर लावतो. मग चावीची दांडी तरी तुटते, नाहीतर कमान उलटी सुटू न देणारी खिट्टी. माझ्याकडे आलेल्या जुन्या घड्याळांपैकी कितीतरी अशीच गेलेली होती.

म्हणून चावीच्या घड्याळाला अडेपर्यंत चावी द्या, अडल्यावर एक गिरकीही जास्त नको. बंद पडलेल्या ऑटोमॅटिकला वीस-पंचवीस गिरक्या मोजून द्या, वेळ लावा आणि हातात घाला. ते खुळखुळ्यासारखं हलवणं मला बघवत नाही. आणखी एक जात आहे, तीही लक्षात ठेवा: आपल्याकडे भरपूर खपलेल्या जुन्या सेइको ५ या जपानी घड्याळांमधलं ७एस२६ मशीन. त्याला हाताने चावी देताच येत नाही. बोंड दाबलेल्या जागी फिरवलं तर काहीच घडत नाही. ते हळूच इकडून तिकडे कलवून सुरू करायचं.

कमानीच्या टोकाबद्दलच्या याच अज्ञानातून 'जास्त चावी दिल्यामुळे घड्याळ बंद पडलं' हे वाक्य आलं. घरोघरी मुलांना यावरून बोलणी बसली आहेत. चावी घट्ट लागते आणि काटे हलत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं जास्त चावीनेच अडकलं. प्रत्यक्षात आतलं तेल वाळून गोंदासारखं झालेलं असतं. कमान भरलेली आहे, जोर लावते आहे, पण चाकं फिरत नाहीत, म्हणून ती भरलेलीच राहते. ज्या मुलाने शेवटची चावी दिली त्याचा काही दोष नाही. घड्याळ उघडून, धुऊन, नवं तेल द्यायला हवं होतं.

माझ्या काकांना नोकरीची पंचवीस वर्षं झाली तेव्हा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या त्यांच्या कंपनीने एचएमटीचं ऑटोमॅटिक दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी ते सर्व्हिसिंगला दिलं. परत आलं ते चकाचक, पण रोज रात्री काढून ठेवलं की सकाळी बंद. त्याच दुकानात पुन्हा दिलं, पुन्हा तेच. तिथे काकांना सांगितलं, "वयामुळे तुमचा हात कमी हलतो." काकांना ते फार लागलं. सकाळी तलावपाळीला तीन फेऱ्या मारणारा माणूस तो.

मी घड्याळ दुसऱ्या एका वयस्कर कारागिराकडे नेलं. त्यांनी मशीन सोडवलं, बॅरलचं झाकण काढलं आणि भिंतीवरून काडी फिरवून मला दाखवली. आत साधं पातळ तेल होतं. चावीच्या घड्याळात तिथे तेल चालतं, कारण टोक अडकवलेलंच असतं. ऑटोमॅटिकच्या भिंतीला खास, पकड धरणारं ग्रीस लागतं. पातळ तेल लावलं की कमान अर्धी भरायच्या आत घसरू लागते आणि चाळीस तासांच्या जागी रातभरही पुरत नाही. पकड प्रमाणाबाहेर झाली तर उलट त्रास, बॅलन्स जास्त झोके घेऊन आपटायला लागतो आणि घड्याळ पुढे पळतं. आधीच्या माणसाने काम मन लावून केलं होतं, फक्त ऑटोमॅटिकला चावीच्या घड्याळासारखं तेल दिलं होतं. तुमचं ऑटोमॅटिक सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा एकच विचारा: बॅरलच्या भिंतीला काय लावता? उत्तर 'तेल' आलं तर घड्याळ खिशात घालून बाहेर पडा.

मला स्वतःला विचाराल तर मी चावीच्याच बाजूचा. घड्याळ पातळ, मशीनमध्ये भाग कमी, आणि सकाळी चहा उकळेपर्यंत बोटांना ती अडणूक लागली की दिवस सुरू झाल्यासारखा वाटतो. पण काकांचं घड्याळ काकांचं आहे. भिंत पुसून ग्रीस लावलं, कमान तीच ठेवली. शनिवारी रात्री नऊला त्यांनी ते काढून देवघराशेजारच्या फळीवर ठेवलं आणि रविवारी कुणाला हात लावू दिला नाही. सोमवारी सकाळी सातला त्यांचा फोन आला. "चालू आहे," एवढंच म्हणाले, आणि फोन घड्याळाशी धरला.