मॉड्युलर सिंथ आपोआप वाजत नाही भाऊ

आमच्या इकडं लग्नातल्या डीजेपासून तं भजनी मंडळातल्या काकापर्यंत सगळे एकच सांगतात, का इलेक्ट्रॉनिक म्युझिक म्हणजे कॉम्प्युटर, बटन दाबलं का गाणं तयार, आन हे सगळं भारतात नव्वदीनंतर आलं. दोन्ही गोष्टी चूक हायत.

१९६९ मध्येच अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये मूग कंपनीचा मॉड्युलर सिंथेसायझर (म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं, सुटे डबे जोडून वाजवायचं मशीन) आला होता, अमेरिकेचे संगीतकार डेव्हिड ट्युडर यांनी स्टुडिओ उभा करून दिला, मंग गीता साराभाई, अतुल देसाई अशा लोकायनं त्याच्यावर काम केलं. त्या टेपा २०२३ मध्ये अल्बम म्हणून निघाल्या. ऐकाच एकदा, मले तं अंगावर काटा आला.

आता मशीनचं सांगतो. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर उघडला का कशा वायरीच वायरी दिसतात, तसाच समोरून दिसते हा. ऑसिलेटर नावाचा डबा सूर काढते, फिल्टर नावाचा डबा त्याची धार कमी करते, आन हे डबे एकमेकायले वायरीनं हातानंच जोडा लागतात. मूगमध्ये ऑसिलेटरले दिलेली वीज एक व्होल्टनं वाढली का सूर बरोब्बर एक सप्तक वर जाते. साध्या सेटअपवर एका वेळी एकच सूर निघते, म्हणून थरावर थर टेप करा लागे. मशीन तापलं का सूर सरकते, पावसाळ्यात तबला उतरते न आपण हातोडी घेऊन बसतो, तसंच.

आन सेव्ह करायची सोयच नव्हती, वायरी उपटल्या का तो आवाज गेला, कागदावर लिहून ठेवलं असन तं पुन्हा जुळवत बसा.